शेजाऱ्याला द्यावयाचा हिशेब

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर शिक्षण, हुंडा, लग्नकार्यातील अवाजवी खर्च, व्यसने अशा विषयांवर माझ्याहून अधिकारी व्यक्तींनी आपणांस पुष्कळ ऐकविले आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्यापुढे जे काही शिकलो ते मुलांना शिकविता शिकविता. म्हणून विद्वत्तेचा आव न आणता मी आज एक साधा, किंचित कटु वाटेल असा विषय घेतला आहे. जी माणसे आपल्या भोवती राहतात, त्यांना आपण आपल्या कामाचे उत्तर देणे लागतो किंवा नाही, हा तो विषय.

'जबाबदार' हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. जबाब म्हणजे उत्तर, आणि जो उत्तर देतो तो जबाबदार. आमच्या मराठवाड्यावर निजामी राजवटीचा अंमल दीर्घकाळ होता आणि कचेरीचा व्यवहार उर्दूतून चालत असे, त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांना या शब्दाचा अर्थ फोडून सांगावा लागत नसे. आज मात्र 'जबाबदार माणूस' म्हणजे वजनदार माणूस, पदाधिकारी, पुढच्या रांगेतील खुर्चीवर बसणारा, असा अर्थ रूढ होऊ पाहत आहे. उत्तर देणे हे शब्दातून गळून पडले आणि पद तेवढे शिल्लक राहिले! शिवाय उत्तर द्यावयाचे तर आधी कोणी तरी प्रश्न विचारावा लागतो, आणि आपल्या समाजात खरी अडचण तेथेच आहे.

गणित शिकविताना आम्ही मुलांना सांगत असू की, केवळ उत्तर लिहू नका, रीतही लिहा. एखादा हुशार मुलगा तोंडी हिशेब करून अचूक उत्तर मांडी आणि पूर्ण गुण मिळाले नाहीत म्हणून रुसून बसे. त्याला म्हणावे लागे, 'बाळ, तुझे उत्तर बरोबर आहे हे तुला ठाऊक आहे; मला कसे कळावे?' प्रामाणिक कार्यकर्त्यांचा रुसवा मला नेहमी या मुलासारखा वाटतो. 'मी एक पैसा खाल्ला नाही, तरी मला हिशेब विचारता?' असे ते म्हणतात. अहो, खाल्ला नाही हे आपणांस ठाऊक आहे. रीत दाखविल्याशिवाय ते आम्हांस कसे कळावे?

या संदर्भात नांदेड जिल्ह्यातील एका घटनेचे स्मरण मी मुद्दाम करून देतो. आपल्या तरुण मंडळींना १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून ठाऊक असतो, झेंडावंदनही ते करतात. परंतु हैदराबाद मुक्तिसंग्रामातील बारीकसारीक गोष्टी आता फारशा सांगितल्या जात नाहीत. मुदखेड-धर्माबाद लोहमार्गावर उमरी हे गाव आहे. तेथे निजामाच्या हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे ज्या दिवशी दिल्लीत महात्माजींची हत्या झाली त्याच दिवशी, मुक्तिसंग्रामातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी या बँकेवर चाल केली. साहेबराव देशमुख बारडकर हे या लढाऊ मंडळींच्या प्रमुखांपैकी एक. त्यांचे ठाणे सरहद्दीपलीकडे उमरखेडला होते, कारण तो मुलूख निजामाच्या हद्दीबाहेरचा होता. बँकेतून जी रक्कम हाती लागली ती वीस लाखांच्या घरातील. त्या काळच्या वीस लाखांची कल्पना आज येणे कठीण आहे. ज्या गावात एखाद्याच्या घरी शंभर रुपये रोख निघाले तर तो सावकार ठरावा, अशा गावांतून वाढलेली ही तरुण पोरे होती.

आता आपण क्षणभर विचार करावा. ही रक्कम शत्रूच्या तिजोरीतील. ती आणणारे भूमिगत, डोक्यावर वॉरंटे, उद्या जिवंत राहू याची शाश्वती नाही. पावती देणारा कोणी नाही, तपासनीस नाही, कोणता कायदा त्यांस 'जमाखर्च दाखवा' म्हणून दरडावणार नव्हता. शंभर-दोनशे रुपये इकडचे तिकडे झाले असते तर कोणास कळलेही नसते. अशा स्थितीत या मंडळींनी त्या पैशाचा पैन् पैचा हिशेब ठेवला आणि पुढे तो सादर केला. बँकेवरील धाडीचे शौर्य मोठे खरेच, पण मला स्वतःला तिच्यानंतरच्या त्या वहीचे अधिक कौतुक वाटते. धाड एका दिवसात होते. वही कित्येक महिने, रोज रात्री कंदिलाच्या उजेडात लिहावी लागते आणि ती लिहिताना कोणी टाळ्या वाजवीत नाही.

हा हिशेब त्यांनी कोणासाठी ठेवला असेल? वरिष्ठांसाठी असे कोणी म्हणेल. लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचा पैशाविषयीचा कडवेपणा सर्वश्रुत होता, आणि ते स्वतः मूळचे शिक्षक, आमच्याच पेशातले, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो तो आपण क्षम्य मानावा. तथापि माझी अशी समजूत आहे की, वरिष्ठांच्या धाकाने अशी वही लिहिली जात नाही. ठाण्यावर जे बरोबर राहत होते, एका पंक्तीला भाकरी खात होते, आणि सरहद्दीच्या गावांतील ज्या आयाबहिणी त्यांना ती भाकरी पुरवीत होत्या, त्यांच्या नजरेला नजर देता यावी म्हणून ती लिहिली जाते. निजामाच्या त्या बँकेचे रूप पुढे पालटले. स्टेट बँक ऑफ हैदराबाद म्हणून ती आपल्या ओळखीची झाली आणि २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीनही झाली. उमरी गाव मात्र जागेवर आहे. आपल्यापैकी जे त्या बाजूचे आहेत त्यांनी घरी जाऊन मुलांना धाडीबरोबर या हिशेबाचीही गोष्ट सांगावी.

दुसरे उदाहरण लातूर जिल्ह्याचे, आणि ते माझ्या डोळ्यांदेखतचे आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजावयास काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपी गेले होते. दगडमातीच्या हातहातभर रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आपल्याकडची घरे. ती झोपलेल्या माणसांवर कोसळली. साडेसात हजारांहून अधिक माणसे गेली. त्या दुःखाचे वर्णन मी येथे करीत नाही. या सभागृहात अशी घरे आहेत की ज्यांना ते सांगण्याची गरज नाही.

मला बोलावयाचे आहे ते नंतरच्या याद्यांविषयी. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील बावन्न गावे संपूर्णपणे नव्या जागी वसवावयाचे ठरले. नवे घर किती मोठे मिळावे हे जमिनीवर ठरे: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास अडीचशे चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत साडेचारशे, त्यापुढे साडेसातशे. (ज्याचे शिवार मोठे त्याचे घर मोठे, हा न्याय मला तेव्हाही फारसा पटला नव्हता, पण तो प्रश्न आज नको.) याखेरीज हजारो गावांत पडझड झालेली घरे दुरुस्त व मजबूत करण्यासाठी घरमालकांनाच हप्त्याहप्त्याने पैसे देण्याची योजना आली. साहजिकच घर कोणाचे, कुटुंब कोणते, चूल कोणाची वेगळी आणि कोणाची एकत्र, या प्रश्नांना एकाएकी मोल आले. सरकारी कागदाला हे कळत नाही. कागदावर सही असली की त्याचे समाधान होते. कोणाच्या घरातून सकाळी किती धूर निघतो हे फक्त शेजाऱ्याला ठाऊक असते.

आम्हां शिक्षकांना त्या दिवसांत नोंदीच्या कामाला लावले होते. औसा तालुक्यातील एका गावी मारुतीच्या पारावर अशी एक यादी मोठ्याने वाचली जात असताना मी हजर होतो. एक नाव वाचले गेले तशी बायकांच्या घोळक्यातून एक वृद्ध बाई उभी राहिली आणि म्हणाली, 'ह्या लेकराची चूल आईपासून येगळी कवा झाली? भुई हालल्यावर?' लोक हसले. तो तरुण मान खाली घालून बसला. नाव खोडले गेले. एवढ्यावर बाई थांबली नाही. तिने विचारले, 'आन् वेशीपलीकडं ती रांडमुंड बाई ऱ्हाती, तिची भिंत पडली, तिचं नाव कुठंय?' यादी करणाऱ्यांनी गावठाणाची हद्द धरली होती आणि वेशीपलीकडचे ते घर राहून गेले होते. ते घातले गेले. मागाहून मला कळले की, ज्याचे नाव तिने खोडविले तो तिचा सख्खा पुतण्या होता आणि जिचे नाव तिने घालविले ती तिच्या जातीचीही नव्हती. त्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. सामाजिक उत्तरदायित्वावर पुढे मी अनेक व्याख्याने ऐकली, पण त्या पारावर जे ऐकले त्याची सर कशालाच आली नाही.

घरदुरुस्तीच्या त्या योजनेत पुढे गावोगावच्या महिलांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. हजाराहून अधिक गावांत या बायका घरोघर जाऊन पुढचा हप्ता केव्हा मिळेल, कोपऱ्याचे दगड कसे बांधावेत, अभियंता केव्हा येणार, हे सांगत आणि लोकांच्या तक्रारी वर कळवीत. त्यांपैकी पुष्कळजणींनी तोवर ग्रामसभेची पायरीही चढलेली नव्हती. पुढे याच भागात बचतगटांचे जाळे उभे राहिले ते काही आकाशातून पडले नाही. बचतगटाच्या बैठकीस कधी बसून पाहावे. दरमहा दहा-वीस बायका गोल बसतात, वही मध्ये ठेवतात, प्रत्येकीची रक्कम मोठ्याने वाचतात, कर्ज कोणाला दिले आणि का दिले हे सर्वांसमक्ष बोलतात. त्यांत जावा-जावा असतात, सासवा-सुना असतात. हिशेब विचारला म्हणून नाते तुटले, असे तेथे क्वचितच घडते. मग आम्हां पुरुषांच्याच संस्थांतून ते का तुटावे?

आता आपल्या घराकडे वळतो. आपले मंडळ ही विश्वस्त संस्था आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली अशा संस्थांची नोंद होते, लेखापरीक्षण होते, ताळेबंद धर्मादाय कार्यालयात जातो. हे सर्व आपण करतो आणि बिनचूक करतो. परंतु हा झाला वर दिलेला हिशेब. सभोवतालच्या माणसांना आपण काय देतो? स्मरणिकेच्या अगदी शेवटी, जाहिरातींच्या मागे, बारीक टाइपात जमाखर्च छापतो. तो किती जणांनी वाचला, असे मी आता हात वर करावयास सांगितले तर माझी व आपली दोघांचीही पंचाईत होईल.

बाहेरच्या कोणाला विचारावयाचे असले की आपण शूर असतो. महाराष्ट्रात २००२ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला, २००५ साली देशाचा झाला. आपल्यातील कित्येकांनी दहा रुपयांचे तिकीट चिकटवून अर्ज केले, तीस दिवसांत उत्तरे मागविली, रस्ता किती लांबीचा आणि डांबर किती जाडीचे हे काढून घेतले. त्यांचे मी अभिनंदन करतो. पण तोच गृहस्थ मंडळाच्या सभेत मूग गिळून बसतो, कारण कोषाध्यक्ष त्याच्या मामेबहिणीचे सासरे असतात! 'सोयऱ्याला कसे विचारावे?' ज्ञातिसंस्थेचे हेच मर्म आहे आणि हाच धोका आहे. येथे प्रत्येकजण प्रत्येकाचा कोणी ना कोणी लागतो. उद्या मुलीचे स्थळ त्याच घरातून यावयाचे असते. म्हणून सभेत कोणी विचारीत नाही, आणि सभा सुटल्यावर चहाच्या टपरीवर सर्वजण बोलतात.

याचा परिणाम काय होतो ते मी एका ठिकाणी पाहिले आहे. गावाचे, संस्थेचे वा माणसाचे नाव घेत नाही. एक अत्यंत सचोटीचे गृहस्थ चौदा-पंधरा वर्षे एका संस्थेचे खजिनदार होते. भिडस्त स्वभाव. त्यांना कोणी कधी काही विचारले नाही, आणि त्यांनी होऊन कधी वाचून दाखविले नाही. एके दिवशी हृदयविकाराने ते गेले. दिवस पुरे होण्याच्या आतच कुजबुज सुरू झाली की, सभागृहाच्या पत्र्यांसाठी जमविलेल्या रकमेतून चार हजार रुपयांचा मेळ लागत नाही. कोणी घरी जाऊन विचारले नाही, सगळे भिडेचे! टपरीवर मात्र चार हजारांचे चौदा हजार झाले. थोरल्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले, कारण कोणी सांगितले नाही, पण ते सर्वांना ठाऊक होते. तीन वर्षांनी जुनी ट्रंक उघडताना त्या माउलीला पतीच्या कोटाच्या खिशात वाणीसामानाच्या यादीमागे लिहिलेला तपशील आणि पत्रेवाल्याची पावती सापडली. रक्कम पुरती जुळली. संस्थेच्या पुढल्या सभेत ठराव झाला, दिवंगतांस श्रद्धांजली वाहण्यात आली, सर्वजण उभे राहिले. ती तीन वर्षे त्या घराला कोण परत देणार होते? पंधरा वर्षांत एकदा जरी कोणी उभे राहून 'पत्र्यांचे किती झाले हो?' असे सरळ विचारले असते, तर ती पावती वहीत चिकटविली गेली असती.

म्हणून मला जे सुचवावयाचे आहे ते थोडे आहे. जमाखर्च स्मरणिकेत छापावाच, पण सभेत तो मोठ्याने, सावकाश, मराठीत वाचावा. 'मागील वर्षाप्रमाणे मंजूर' एवढे म्हणून उरकू नये. ज्या विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज नामंजूर होतात त्यांना कारण लेखी कळवावे. गरिबाच्या मुलाला नकार सोसतो, परंतु कारण न कळलेला नकार त्याच्या मनात आयुष्यभर राहतो. हे मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगतो. आणि कोषाध्यक्षपद एकाच व्यक्तीकडे दोन मुदतींहून अधिक काळ असू नये, मग ती व्यक्ती कितीही सज्जन असो. सज्जनावर तर हा भार मुळीच फार काळ ठेवू नये.

आणखी एक गोष्ट, जी काहींना रुचणार नाही. भोवतालची माणसे म्हणजे केवळ ज्ञातिबांधव नव्हेत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरकरांनी काय भोगले ते आपण जाणता. मांजरा धरण आटले, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू करावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर. त्या दिवसांत तेथील एका ज्ञातीच्या वसतिगृहाच्या बोअरला थोडे पाणी होते. गल्लीतील लोक घागरी घेऊन फाटकाशी येत. 'वर्गणी आमच्या लोकांची, वीज आमची, पाणी परक्यांना का?' असा प्रश्न समितीत निघाला. एका सभासदाने शांतपणे विचारले, 'बोअर आपले; पण त्यात येणारे पाणी कोणाच्या अंगणाखालून येते?' यावर कोणाजवळ उत्तर नव्हते. सकाळी एक तास फाटकाबाहेर नळ सोडावयाचे ठरले, आणि रोज किती घागरी गेल्या, मुलांसाठी किती उरले, हे एका पाटीवर खडूने लिहून ती पाटी रस्त्याच्या बाजूला टांगली गेली. गल्लीतील लोकही ती वाचत. ज्या दिवशी पाटीवरचा आकडा घटे, त्या दिवशी कोणी सांगितल्याशिवाय रांग लहान होई. पावसाळा लागेपर्यंत त्या फाटकावर एकदाही भांडण झाले नाही, असे मला तेथील अधीक्षकांनी सांगितले.

आपला अधिक वेळ घेत नाही. कार्यक्रमपत्रिकेप्रमाणे माझ्यानंतर कोषाध्यक्ष वार्षिक जमाखर्च सादर करणार आहेत. ते माझे व्याही आहेत, हे आपणांपैकी बहुतेकांना माहीत आहेच. छापील पत्रकाच्या तिसऱ्या पानावर 'किरकोळ' या सदराखाली जी रक्कम दाखविली आहे ती मागील वर्षाच्या दुपटीहून थोडी अधिक आहे. तिचा तपशील काय, हे त्यांचे वाचन झाल्यावर अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने मी विचारणार आहे. त्यांना मी तसे काल सायंकाळीच सांगून ठेवले आहे, आणि त्यांनी पावत्यांची पिशवी बरोबर आणली आहे.